शेतीची रील कशी तयार करावी

हल्लीं गांवच्या पारावर, बाजार समितीच्या आवारांत किंवा एसटीच्या थांब्यावर चार माणसें बसलेलीं दिसलीं, तर त्यांतील दोघां-तिघांच्या हातीं मोबाइल असतो व अंगठ्यानें एकामागून एक चित्रें वर सारण्याचें काम चाललेलें असतें. हीं चित्रें म्हणजे मोबाइल उभा धरून घेतलेल्या आणि उभ्याच पाहावयाच्या, अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रफिती होत. लोक त्यांस रील म्हणतात. यूट्यूबवर त्यांचें नांव शॉर्ट असें आहे. या नुसत्या करमणुकीच्या वस्तु आहेत असें समजून आमच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनीं त्यांकडे आजवर पाठ फिरविली. परंतु बियाणें कोणतें घ्यावें, कांद्यावर काय फवारावें, द्राक्षाची छाटणी केव्हां करावी, या गोष्टीही तरुण मंडळी आतां रील पाहून ठरवूं लागली आहेत. म्हणून हें साधन कसें चालतें, आणि ज्यास आपल्या शेतांतील एखादी उपयुक्त रीत दूरवर पोंचवावयाची आहे त्यानें तें कसें हाताळावें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

या प्रकारास फार वर्षें झालीं नाहींत. अमेरिकेंत सन २०१३ मध्यें ‘वाइन’ नांवाची सेवा निघाली. तींत चित्रफीत अवघ्या सहा सेकंदांची असे व तिची चौकटही उभी नसून चौरस असे. ती सेवा २०१७ सालीं बंद पडली. उभ्या चौकटीस खरें बळ आलें तें चीनमधील बाइटडान्स कंपनीच्या टिकटॉकमुळें. आपल्याकडे टिकटॉक खेड्यापाड्यांपर्यंत पोंचलें होतें. तारीख २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत तेंही गेलें. रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहिली नाहीं. जुलैमध्यें इन्स्टाग्रामनें आपल्या देशांत रील्स सुरू केल्या, व सप्टेंबरमध्यें यूट्यूबनें शॉर्ट्सची पहिली चांचणी भारतांतच घेतली. प्रथम रीलची मर्यादा पंधरा सेकंदांची होती. ती वाढत वाढत २०२५ च्या आरंभीं दोन्हींकडे तीन मिनिटांपर्यंत आली. मर्यादा वाढली म्हणून तीन मिनिटें भरलींच पाहिजेत असें मात्र नाहीं, हें पुढें दिसून येईल.

रील किती लोकांस दाखवावी हें कोणी माणूस बसून ठरवीत नाहीं. कंपनीचें गणकयंत्र तें ठरवितें. पूर्वीं व्याख्यात्यास आपली सभा आपणच भरवावी लागे. येथें सभा यंत्र भरवितें, आणि श्रोते आवडीनें थांबले तरच ती वाढवितें. आपण रील चढविली म्हणजे ती आरंभीं थोड्या लोकांपुढें ठेवली जाते. ते आपल्या ओळखीचेच असतात असें नाहीं. ते शेवटपर्यंत थांबले, त्यांनीं ती पुन्हां पाहिली किंवा दुसऱ्या कोणास धाडली, तर ती आणखी लोकांपुढें जाते, व तेथेंही तसेंच घडलें तर त्याहून अधिकांपुढें. उलट दोन-तीन सेकंदांतच लोकांनीं ती वर सारली, तर तिचा प्रवास तेथेंच खुंटतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे कीं, रील किती वेळ पाहिली गेली, किती जणांस आवडली व किती जणांनीं ती दुसऱ्यास पाठविली, या तीन गोष्टींना तेथें विशेष महत्त्व दिलें जातें. याचा अर्थ असा कीं, ज्याच्यामागें पन्नासच अनुयायी आहेत अशा शेतकऱ्याची रीलही लाखों लोकांपर्यंत जाऊं शकते, आणि ज्याचे लाख अनुयायी आहेत त्याची पांचशें लोकांत जिरूं शकते.

शेतीच्या कामीं खरी अडचण येथेंच उभी राहते. लोक शेवटपर्यंत थांबावेत म्हणून रील आखूड करावी लागते, व आखूड करितांना सर्वांत आधीं ज्या गोष्टी गळतात त्या म्हणजे अटी. जमीन कोणती, पाऊस किती झाला, वाण कोणता, पीक किती दिवसांचें, पंप किती लिटरांचा, हें सर्व कापलें जातें आणि ‘हें टाका, माल दुप्पट येईल’ एवढेंच उरतें. गाण्याच्या किंवा विनोदाच्या रीलमध्यें कांहीं गळलें तर कोणाचें नुकसान होत नाहीं. शेतीच्या रीलमध्यें अट गळली तर कोणाचा तरी हंगाम जातो. पसरण्यास जें लागतें तें आणि शेतकऱ्यास जें लागतें तें, या दोहोंची ओढ अशी विरुद्ध दिशांस असते. दोन्हीं एकाच मिनिटांत कशीं सांभाळावीं, हाच या कामांतील सगळा कसबाचा भाग आहे.

उदाहरण घेऊन सांगितलें तर बरें. सन २०२० च्या खरिपांत महाराष्ट्रांत सोयाबीनचें बियाणें न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येनें आल्या. टिकटॉकवर बंदी आली तोच तो महिना. पेरणीपूर्वीं घरच्या घरीं बियाण्याची उगवणशक्ति पाहण्याची रीत जुनी आहे व कृषि खातेंही ती दरवर्षीं सांगतें. पण सांगितलेलें ऐकणें निराळें आणि डोळ्यांनीं पाहणें निराळें. ही चांचणी रीलसाठीं जणूं मुद्दाम घडविल्यासारखी आहे. तिला एक गोणपाट, शंभर दाणे व सहा-सात दिवस लागतात, आणि शेवटीं एकच आंकडा हातीं येतो.

ती रील अशी बांधावी. आरंभ गोणपाट भिजविण्यापासून करूं नये. आरंभ शेवटच्या दिवसापासून करावा. गुंडाळलेलें गोणपाट उलगडतांना दाखवावें. कांहीं दाण्यांस मोड आलेले, कांहीं कुजलेले, असें चित्र जवळून दिसावें, आणि बोलणाऱ्यानें एवढेंच म्हणावें: ‘हे शंभर दाणे. उगवले बासष्ट. आतां हें बियाणें पेरायचं का?’ येथवर पांच सेकंद होतात. प्रश्नाचें उत्तर मिळाल्याशिवाय शेतकरी माणूस अंगठा हलवीत नाहीं. मग मागें जाऊन पहिला दिवस दाखवावा. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठ मूठ बियाणें काढून एकत्र केलें. त्यांतून निवड न करितां शंभर दाणे मोजले. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनीं मांडले. वर दुसरें ओलें गोणपाट घालून गुंडाळी केली व सावलींत ठेवून रोज पाणी शिंपडलें. ही चार-पांच दृश्यें, प्रत्येकीं तीन सेकंदांहून अधिक नको. निवड न करितां हे शब्द मात्र तोंडानेंही उच्चारावेत व चित्रावरही लिहावेत. कारण लोक चांगले टपोरे दाणे वेंचून चांचणी घेतात आणि स्वतःचीच फसवणूक करून घेतात.

त्यानंतर उत्तर. उगवण शेंकडा सत्तर असेल तर एकरीं तीस किलो बियाणें पुरतें. ती सत्तरांहून कमी भरली तर त्या प्रमाणांत बियाणें वाढवावें. बासष्ट भरली तर सुमारें चौतीस किलो, साठ भरली तर पस्तीस. साठांहून कमी भरली तर तें बियाणें पेरूं नये. हा हिशेब चित्रावर मोठ्या अक्षरांत चार सेकंद तरी राहूं द्यावा, म्हणजे ज्यास पाहिजे तो थांबवून लिहून घेईल. शेवटीं एकच अट बोलून दाखवावी, ती ही कीं पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरणीची घाई करूं नये. कारण बियाणें उत्तम असून ओल अपुरी असली तर सर्व चांचणी व्यर्थ जाते. एवढें सर्व पाऊण मिनिटांत बसतें. बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, वाणांची निवड हे विषय त्यांत कोंबूं नयेत. त्यांच्या स्वतंत्र रील्स कराव्या. आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक शेतकरी-रील्स बिघडतात त्या माहिती थोडी असल्यामुळें नव्हे, तर एकींत चार विषय घातल्यामुळें.

आतां चित्र घेण्याविषयीं. उभ्या चौकटीचें प्रमाण रुंदीस ९ तर उंचीस १६ असें असतें. यंत्राच्या भाषेंत १०८० बाय १९२० ठिपके. मोबाइल आडवा धरून घेतलेलें चित्र मागाहून उभें कापलें तर दोन्ही बाजूंचा भाग जातो व राहिलेलें पुसट दिसतें. म्हणून आरंभापासूनच उभें घ्यावें, आणि उभ्या चौकटींत काय शोभतें याचाही विचार करावा. कापसाचें झाड, उसाचें कांडें, द्राक्षाचा लोंबता घड, मातींत काम करणारे हात, उभा माणूस, हें सर्व त्यांत छान बसतें. दहा एकरांचें शिवार बसत नाहीं. तें दाखविण्याचा मोह टाळावा. पाहणाऱ्याच्या हातांतील पडदा तळहाताएवढा असतो, त्यावर शिवार म्हणजे नुसता हिरवा पट्टा.

भिंगावर धूळ व घामाचा हात लागलेला असतो. प्रत्येक वेळीं मऊ कापडानें तें पुसून घ्यावें. आमच्याकडील निम्म्या चित्रफितींचा धूसरपणा मोबाइलच्या किंमतीमुळें नसून न पुसलेल्या भिंगामुळें असतो, असें आम्ही धाडसानें म्हणूं. ऊन कोंवळें असतांना चित्र घ्यावें. दुपारच्या उन्हांत पान चकाकतें व त्यावरील करप्याचे ठिपके दिसतच नाहींत. रोग किंवा कीड दाखवावयाची असेल तर अंगाची सावली करून पान तळहातावर घ्यावें, पडद्यावर त्या पानाच्या जागीं बोट दाबून धरावें म्हणजे नेम तेथें स्थिर होतो, व दोन-तीन सेकंद श्वास रोखून हात हलूं देऊं नये. तिपाई नसली तरी अडत नाहीं. बांबूस मोबाइल बांधून काम भागतें.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाहीं. चित्र थोडें वाईट असलें तरी लोक पाहतात, पण वाऱ्याचा घोंघावणारा आवाज कोणी ऐकत नाहीं. सदऱ्यास लावावयाचा लहान माइक स्पंजाच्या टोपीसह घ्यावा. तो नसेल तर शेतांत नुसतें चित्र घेऊन बोलणें घरांत, शांत खोलींत, मागाहून भरावें. बोलतांना पुस्तकी मराठीचा आव आणूं नये. वऱ्हाडांतील माणसानें वऱ्हाडी बोलावें, खानदेशांतील माणसानें अहिराणी बोलली तरी चालेल. पाहणाऱ्यास पडद्यावरील माणूस आपल्यासारखा वाटला कीं तो त्याचें ऐकतो. मात्र पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून महत्त्वाचे शब्द व सर्व आंकडे चित्रावर सर्वांस समजतील अशा मराठींत लिहावेत. हीं अक्षरें चौकटीच्या मधल्या-वरच्या भागांत असावींत. खालचा भाग व उजवी कड यांवर नांवें आणि बटणें येतात, त्यांखालीं लिहिलेली मात्रा झांकली जाते.

मात्रेचा उल्लेख आला म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. फवारणीच्या रील्समध्यें ‘एका पंपास इतके मिली’ असें सांगण्याची चाल पडली आहे. ही चाल धोक्याची आहे. पंप कोणाचा पंधरा लिटरांचा, कोणाचा वीस लिटरांचा. साध्या पाठीवरच्या पंपास एकरीं जेवढें पाणी लागतें त्याहून पेट्रोलच्या पॉवर पंपास पुष्कळ कमी लागतें, म्हणून दोहोंत औषध मिसळण्याचें प्रमाण एक नसतें. रील करणाऱ्यानें एका पंपाचें प्रमाण सांगावें, पाहणाऱ्यानें दुसऱ्या पंपांत तेंच घालावें, आणि एक तर औषध लागू पडूं नये किंवा पीक करपावें, असें घडतें. त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन औषधें एकत्र ढवळून ‘जालीम उपाय’ म्हणून दाखविणें. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यास रील्स कारण नव्हत्या. परंतु औषधाच्या बाबतींत अर्धवट सल्ला कोठवर नेतो हें त्या वर्षीं सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, कीटकनाशकाची मात्रा रीलमध्यें सांगावयाचीच असेल तर डब्यावरील छापील चिठ्ठी पडद्यावर वाचतां येईल अशी दाखवावी, त्या पिकासाठीं त्या औषधास मान्यता आहे याची खात्री आधीं करावी, आणि फवारणारा माणूस हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण बाह्यांच्या कपड्यांतच दिसावा. उघड्या अंगानें फवारतांनाचें चित्र दाखविणारा तोंडानें कितीही सावधगिरी सांगो, पाहणारा चित्राचेंच अनुकरण करितो. एवढें जमत नसेल त्यानें औषधाचा विषय सोडून मशागत, बियाणें, पाणी, साठवण, अवजारें यांवर रील्स कराव्या. तेथें विषय कांहीं थोडे नाहींत.

शेतकऱ्यानें शेतकऱ्यास चित्रांतून शिकवावें ही कल्पना रीलपूर्वींची आहे. सन २००६ मध्यें बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रांत ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम सुरू झाला व पुढें त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्यांची रीत अशी कीं, गांवच्याच शेतकऱ्याचें काम चित्रित करावयाचें, तें गांवकऱ्यांच्या लहान गटास दाखवावयाचें, आणि दाखवितांना एका जाणत्या माणसानें मधून मधून चित्र थांबवून प्रश्न विचारावयाचे व शंका फेडावयाच्या. रीलमध्यें हा मधला माणूस नाहीं. त्याचें काम रील करणाऱ्यानेंच खालच्या अभिप्रायांत केलें पाहिजे. ज्या अटी मिनिटांत बसल्या नाहींत, त्या पहिल्या अभिप्रायांत लिहून तो वरच्या जागीं टांचून ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस विचारलेल्या प्रश्नांस उत्तरें द्यावींत. ‘आमची जमीन चुनखडीची आहे, चालेल का?’ असा प्रश्न दहा जणांनीं विचारला तर पुढच्या रीलचा विषय आयताच मिळाला असें समजावें. उत्तर ठाऊक नसेल तर जवळचें कृषि विज्ञान केंद्र किंवा १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा क्रमांक सांगून मोकळें व्हावें. अंदाजानें कांहीं सांगूं नये.

पैशाविषयींही स्पष्ट बोललेलें बरें. यूट्यूबवर केवळ शॉर्ट्सच्या बळावर जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळवावयाचा तर एक हजार सदस्य व नव्वद दिवसांत एक कोटी दर्शनें लागतात, आणि त्यानंतरही रील करणाऱ्याच्या नांवें जमा धरलेल्या रकमेचे शेंकडा ४५ च त्याच्या हातीं येतात. एवढा पल्ला शेती सांभाळून क्वचितच गांठला जातो. शिवाय दर्शनांच्या मोठ्या आंकड्यानें हुरळून जाऊं नये. तारीख ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट नुसती चालूं झाली तरी एक दर्शन मोजतें. पाहणाऱ्यानें लगेच ती सारली तरीही. म्हणून किती जण थांबले व किती जणांनीं सारली हें दाखविणारा तक्ता पाहावा. लोक कोणत्या सेकंदास निघून जातात तें त्यावरून कळतें. बहुधा तेथें बोलणाऱ्यानें नमस्कार-चमत्कारांत वेळ घालविलेला असतो.

थोडें नांव झालें कीं खतांच्या व टॉनिकांच्या कंपन्यांची माणसें दारीं येतात. पैसे घेऊन माल दाखविण्यास कायद्याची बंदी नाहीं; पण पैसे अथवा फुकट माल घेतला असल्यास रीलवर तसें ठळक सांगणें बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातींत भाग घेणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, व पुन्हां तसेंच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. दंडाचें एक वेळ सोडा; ज्या भाऊबंदांच्या बांधास आपला बांध लागून आहे, त्यांनींच आपल्या शब्दावर निकस टॉनिक घेतलें तर पुढच्या हंगामांत त्यांस तोंड दाखविणें अवघड जाईल. मजूर स्त्रीपुरुषांचें चित्र घेण्यापूर्वीं त्यांस विचारावें, हेंही जातां जातां सांगतों.

एक गोष्ट राहिली. रीलवर तारीख ठळक दिसत नाहीं, व यंत्र जुनी रील कोणत्याही महिन्यांत वर काढतें. खरिपांतील सल्ला रब्बीच्या तोंडावर कोणाच्या तरी हातीं पडतो. म्हणून पहिल्या दृश्यावरच हंगाम व साल लिहावें, जसें ‘खरीप २०२६, मध्यम काळी जमीन’. दरवर्षीं मे महिन्यांत, पेरणीच्या गडबडीपूर्वीं, आपल्या जुन्या रील्स एकदां पाहून घ्याव्या. एखाद्या औषधावर बंदी आली असेल किंवा विद्यापीठाची शिफारस बदलली असेल, तर ती रील काढून टाकावी व नवी चढवावी. काढून टाकलेल्या रीलच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच राहतात, त्या आपल्यास परत बोलावतां येत नाहींत. त्यांसाठीं नव्या रीलच्या आरंभीं ‘मागें सांगितलेलें प्रमाण आतां लागू नाहीं’ असें सांगून तीच रील गांवच्या सर्व गटांवर धाडावी.